गावातली जुनी घराणी शोधायची? मग आधी जुनी भांडणं शोधा

मी काही इतिहास संशोधक वगैरे नाही. राहतो पुण्यात, नोकरी अकाउंट्सची, आणि गेली काही वर्षं सुट्टी मिळाली की आमच्या गावात कुठलं घराणं कधी आलं, कुठून आलं, कोण टिकलं नि कोण उठून गेलं ह्याचा माग काढत बसतो. गाव पुण्यापासून चाळीसेक किलोमीटरवर, घाट चढून पलीकडं. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण चुलत्यांची जमिनीची केस अजून चालू आहे. हसू नका, ह्याच केसमुळं मला हा नाद लागला, आणि सगळ्यात कामाची गोष्टही तिच्यातूनच कळली: जिथं भांडण तिथं कागद. जे घराणं गुण्यागोविंदानं नांदलं त्याचं नाव कुठंच सापडत नाही हो. ज्यांनी पाटीलकीवरून, शिवेवरून, पोळ्याच्या मानावरून डोकी फोडली त्यांच्या मात्र सात पिढ्या लिहून ठेवलेल्या असतात.

आता नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी, मी जसा शिकलो तसं सांगतो. थोडं मागंपुढं होईल.

आधी घरातून सुरू करा, आणि उलटं जा

सगळ्यांची चूक इथंच होते. आजोबांनी सांगितलेलं असतं की आपले पूर्वज महाराजांच्या सैन्यात होते नाहीतर बाळाजी विश्वनाथांबरोबर कोकणातून वर आले, आणि माणूस थेट तिथून खाली यायला बघतो. असतीलही आले, पण तिथून सुरू केलं की वाटेत दीडशे वर्षांचा खड्डा लागतो आणि मग तो खड्डा लोक कल्पनेनं भरतात. त्यापेक्षा स्वतःपासून सुरू करा, मग वडील, आजोबा, पणजोबा, प्रत्येक पायरीला एक तरी कागद किंवा वस्तू हातात असल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही.

कागद म्हटलं की लोकांना ट्रंक आठवते. आमची ट्रंक आजोबांच्या नारायण पेठेतल्या भाड्याच्या खोलीत होती आणि १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात गेली. नदीकाठच्या पेठांमधल्या बऱ्याच घरांची हीच कथा आहे, त्यामुळं ट्रंक नाही म्हणून रडत बसू नका. त्याऐवजी भांडी बघा. खरंच सांगतोय. आपल्याकडं तांब्या-पितळेच्या भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे, देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, कधी लग्नाची तारीख, कधी नुसता शक. माझ्या आत्याकडं माळ्यावर एक घंगाळ होतं, तळाला राख नि चिंच लावून घासलं तर ठोके मारून काढलेल्या टिंबांच्या अक्षरात पणजीच्या माहेरचं आडनाव, गाव आणि शके १८३१ निघालं. १८३१ मध्ये ७८ मिळवले की १९०९. ह्या एका घंगाळानं मला पणजीचं माहेर मिळालं, जे कुणालाच आठवत नव्हतं, कारण बाईचं माहेर दोन पिढ्यांत पुसलं जातं.

तसेच देवघरातले टाक, म्हणजे देवांचे धातूचे छोटे पत्रे, बघा, किती आहेत, कुठल्या देवाचे, घोड्यावरचा वीर आहे का. कुलदैवत कुठलं ते विचारा आणि त्या दैवताचं ठाणं नकाशात कुठं आहे ते बघा. देशावरच्या गावात राहणाऱ्या घराण्याची कुलस्वामिनी कोकणातल्या एखाद्या वाडीतली असेल तर घराणं कुठून आलं त्याचा हा धागा असतो, पुरावा नव्हे, धागा. लग्नात देवक कुठलं पूजतात, गोंधळाला कुठल्या कुठल्या देवांना आवतण देतात, हेही लिहून घ्या. गोंधळी जी गावांची नावं घेतो त्यात कधीकधी मूळ गाव बसलेलं असतं.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना एक पथ्य पाळा. वंशावळ सांगा असं म्हणायचं नाही, लगेच छाती फुगते. कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं ते विचारा. आमच्या एका काकूंनी दोन तासात मला तीन पिढ्यांची सोयरीक सांगितली, सगळी रुसव्यांच्या हिशोबानं, आणि नंतर कागदांशी ताडून बघितलं तर चुकी फक्त एका ठिकाणी होती. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, पण विचारून.

मग गावात जा आणि मानपान बघा

गावात आधी कोण आलं हे शोधायचं असेल तर जत्रेला जा. पालखीला पहिला खांदा कुणाचा, होळीत पहिली पोळी कुणाची, पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा, नारळ कुठल्या घरात जातो, गुरवाचं घर कुठलं, हे सगळं फुकट मिळणारं रेकॉर्ड आहे. मान सहजासहजी बदलत नाही, आणि बदलतो तेव्हा मारामाऱ्या होतात, म्हणजे परत कागद. ज्याची आज जमीन सगळ्यात जास्त तो जुना असं अजिबात धरू नका. आमच्या गावात पोळ्याचा पहिला मान ज्या घराचा आहे त्यांच्याकडं आता दीड एकर आहे आणि तो बैल पण शेजाऱ्याचा मागून आणतात. पण मान त्यांचाच.

देवळाच्या पायऱ्या, दीपमाळ, बारव, ह्यांच्यावरचे लेख फोटो काढून घ्या. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढा, दुपारी अक्षर दिसत नाही. शेंदूर खरवडायचा नाही, पावडर बिवडर घासायची नाही. वीरगळांवर, म्हणजे लढाईत मेलेल्या वीरांच्या दगडांवर, बहुतेक वेळा नाव नसतंच त्यामुळं ह्या वीरगळातला घोडेस्वार आमचाच पूर्वज असं कुणी सांगितलं तर हो म्हणायचं आणि चहा प्यायचा.

जमिनीचे कागद, इथं खरी मजा

सात-बारा सगळ्यांना माहिती आहे. पण सात-बारा म्हणजे नुसता आजचा फोटो, गोष्ट आहे ती फेरफारात, म्हणजे नाव बदललं की होणाऱ्या नोंदीत. जुन्या सात-बाऱ्यावर नावांच्या शेजारी गोलात आकडे असतात, ते फेरफार नंबर. तो नंबर घेऊन गाव नमुना ६ मधली नोंद काढायची. एखाद्या खातेदाराच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीत काय काय असतं बघा: कोण कधी वारला, मागं मुलगे किती, मुली किती, विधवा कोण, कुणी हक्क सोडला. मुलींची नावं आणि त्यांच्या सासरचं नाव सुद्धा बऱ्याचदा असतं. घरच्या वंशावळीत मुलींना कुणी धरत नाही, तलाठ्यानं मात्र लिहून ठेवलेलं असतं. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असं सरकारनं ठरवलंय, पण गावात विचारताना तलाठीच म्हणा.)

काही खुणा पाठ करून ठेवा. नावापुढं ए.कु.मॅ. दिसलं की एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे नाव एकट्या थोरल्याचं असलं तरी मागं भाऊ आहेत. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, खातेदार लहान मूल आहे, बाप लवकर गेलाय. आणि आणेवारी. जुन्या नोंदीत हिस्सा आणे-पै मध्ये असतो, सोळा आणे म्हणजे पूर्ण, एका आण्याच्या बारा पै, म्हणजे एकूण १९२ पै. एखाद्याचा हिस्सा ५ आणे ४ पै असेल तर ६४ पै, म्हणजे तिसरा हिस्सा, भाऊ बहुधा तीन. २ आणे ८ पै दिसले तर सहावा हिस्सा, तिघातल्या एकाचे परत दोन झाले असणार. मी अकाउंट्सवाला असल्यानं मला ह्यात फार आनंद होतो, बायको म्हणते हे काय वय आहे का पै मोजायचं. पण एक आख्खी पिढी, जिचं नाव कुठंच नव्हतं, ती मला ह्या अपूर्णांकातून सापडलीय.

गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर ह्यात घोळ होतो. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरचे गट झाले, त्यामुळं आजचा गट मागं नेताना ९(३), ९(४) चा उतारा मागा, त्यात जुना नंबर नि नवा नंबर दोन्ही असतात. हे नाही केलं तर तुम्ही आनंदानं दुसऱ्याच कुणाच्या पणजोबांच्या मागं लागाल. मी लागलो होतो. चार महिने.

अजून मागं जायचं तर तहसील कचेरीची रेकॉर्ड रूम आणि भूमी अभिलेखचं ऑफिस. तिथं कडईपत्रक, पाहणीपत्रक, क पत्रक, इनाम-वतनाची रजिस्टरं असं काय काय निघतं, सगळ्याच तालुक्यांत सगळं असेलच असं नाही. बरंचसं स्कॅन होऊन महसूल खात्याच्या आपले अभिलेख साइटवर आलंय, आधी तिथं बघा म्हणजे चक्कर वाचेल. पुणे शहरातल्या पेठांसाठी सात-बारा नाही, तिथं सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका लागते.

ऑफिसमधला अनुभव सांगायचा तर एका रेकॉर्ड रूममध्ये मला दोनदा सांगितलं की ह्या गावाचं जुनं रजिस्टर नाहीच. तिसऱ्यांदा मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि रजिस्टर कपाटाच्या मागून प्रकट झालं. पण दर वेळी अर्ज फेकायचा नसतो, आधी नीट बोला, काय हवंय ते नेमकं सांगा, गाव, नंबर, अंदाजे साल. आमच्या पूर्वजांची माहिती द्या असं म्हणणाऱ्याला कुणीच काही देत नाही आणि बरोबर आहे त्यांचं.

ज्यांच्या घरात जातपडताळणी झालीय त्यांनी तर आधी ती फाइल मागून घ्या. अनुसूचित जातींना १९५०, भटक्या-विमुक्तांना १९६१ आणि ओबीसींना १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, त्यामुळं कुणातरी चुलत भावानं हे सगळं धावपळ करून आधीच गोळा केलेलं असतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली तेव्हा गावोगावची मोडी रजिस्टरं उघडली गेली, त्यातल्या बऱ्याच नोंदी जिल्ह्यांच्या वेबसाइटवर आल्यात. तुम्हाला दाखला नको असला तरी नावं बघायला काय हरकत आहे.

शाळा आणि कोतवाल बुक

शाळेचं जनरल रजिस्टर बघायला मिळालं तर बघा, जुन्या जिल्हा परिषद शाळांत शंभर वर्षांमागचं सुद्धा असतं. फक्त जन्मतारखेवर विश्वास नको, गुरुजींनी १ जून टाकून दिलेलं असतं. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद. त्यात मुलाचं नाव बहुतेक नसतं, नुसतं मुलगा किंवा मुलगी आणि बापाचं नाव, पण मृत्यूचं कारण कधीकधी असतं. १८९७ च्या प्लेगमध्ये किंवा १९१८ च्या साथीत एका घरात एका आठवड्यात चार नोंदी दिसल्या की तुमची वंशावळ तिथं अचानक अरुंद का होते ते कळतं.

जाता जाता, बाहेरच्या देशातल्या लोकांचे व्हिडिओ बघून जनगणनेच्या याद्या शोधू नका. आपल्याकडं घरोघरचे ते फॉर्म बघायला मिळत नाहीत, फक्त आकडे मिळतात.

बिन, कोम आणि सलास खमसैन

इथून पुढं कागद जुने होतात आणि भाषा बदलते, म्हणून थोडं व्याकरण. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, वलद म्हणजे पण तेच, मुसलमान घराण्यांच्या नावात हे जास्त दिसतं. कोम म्हणजे अमक्याची बायको. मर्द किंवा भ्रतार असं लिहून पुढं नाव आलं तर ते नवऱ्याचं. नावाच्या शेवटी नाक असेल, शिदनाक वगैरे, तर बहुधा महार घराणं. आडनाव फार वेळा नसतंच, नाहीतर असं असतं की आज ऐकून ओळखू येणार नाही. एकाच घराण्यातले सख्खे भाऊ एक पाटील, एक गावाच्या नावाला ‘-कर’ जोडलेला आणि तिसरा मूळ आडनावाचा असं मी स्वतः बघितलंय. त्यामुळं आडनावावर शोधू नका, नाव अधिक बापाचं नाव अधिक गाव अशी जोडी धरा.

सालं चार प्रकारची येतात. शक असेल तर ७८ मिळवा (पौषानंतरचे महिने असतील तर ७९). फसली, म्हणजे साऱ्याचं वर्ष, असेल तर ५९०. शुहूर सन असेल तर ५९९, आणि हे शुहूर साल आकड्यात नाही, अरबी शब्दांत लिहितात. घाबरू नका, सोपं आहे: अहद किंवा इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सित सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. दशकं म्हणजे अशर दहा, अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. म्हणजे खमस सितैन मया व अलफ झाले ११६५, त्यात ५९९ मिळवले की १७६४, आणि साल मृगात सुरू होत असल्यानं पुढच्या वर्षीच्या मृगापर्यंतचे महिने १७६५ चे. सलास आणि सलासीन ह्यात मी एकदा गडबडलो आणि एका माणसाला त्याच्याच नातवापेक्षा लहान करून ठेवला. चौथा प्रकार म्हणजे राज्याभिषेक शक, १६७४ पासून मोजलेला, तो दिसला तर हरखून न जाता आधी कागद खरा आहे का ते बघा.

पुण्याच्या पेठांचंही असंच आहे. जुन्या कागदात मुर्तजाबाद म्हणजे शनिवार पेठ, मलकापूर म्हणजे रविवार, शहापूर म्हणजे सोमवार. गुरुवार पेठेला वेताळ पेठ म्हणायचे आणि नाना पेठ म्हणजे हनुमंत पेठ. गावाकडून कुणी नातलग शहरात येऊन राहिला असेल तर पत्ता ह्या नावांनी सापडेल.

पेशवे दफ्तर आणि मंडळ

पुण्यात राहतो म्हणजे आपण लॉटरी लागल्यासारखे आहोत, पण बहुतेकांना माहितीच नसतं. कौन्सिल हॉलजवळ पुराभिलेखागार आहे, त्यालाच सगळे पेशवे दफ्तर म्हणतात, तिथं मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे खरंच कापडात बांधलेलं गाठोडं. ह्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ मध्ये छापून काढले, ते बाळबोध लिपीत आहेत, पण त्यात राजकारण जास्त, तुमच्या गावचा कुंभार त्यात मिळणार नाही. तो मिळेल महालाच्या, म्हणजे तेव्हाच्या तालुक्यासारख्या भागाच्या, हिशोबात, नाहीतर इनाम कमिशनच्या कागदांत. १८५२ चा कायदा आला तेव्हा इंग्रजांनी इनामदारांना सांगितलं की इनाम कुठून मिळालं ते सिद्ध करा, मग लोकांनी सनदा, कैफियती आणि वंशावळी नेऊन दिल्या. ज्याच्या इनामावर गंडांतर त्याची वंशावळ पक्की, परत तेच, भांडण तिथं कागद. मात्र एक लक्षात ठेवा, इनाम वाचवायला दिलेली वंशावळ आहे ती, गैरसोयीचा भाऊ त्यातून गायब असू शकतो.

दुसरं ठिकाण सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ, राजवाड्यांनी १९१० मध्ये काढलेलं. दोन्हीकडं जाताना ओळखपत्र, पेन्सिल आणि वही, काय शोधताय ते एका कागदावर लिहिलेलं. फोटोची परवानगी आधी विचारा.

आता काय मागायचं? महजर मागा. महजर म्हणजे निवाड्याचा कागद. वतनाचा तंटा झाला की गोत बसायचं, पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे लोक, साक्षी व्हायच्या, निवाडा व्हायचा आणि सगळ्यांच्या निशाण्या खाली पडायच्या. दोन्ही पक्ष आपापला करीना लिहून द्यायचे, म्हणजे आपण कोण, कुठून आलो, कुणी वसवलं, कुणाचा कुणी दत्तक, कुणी कुणाला मारलं, घराण्याची पूर्ण गोष्ट. माझ्या बघण्यात आलेला पहिला महजर हातभर लांब होता, खाली मजकूर संपल्यावर चित्रंच चित्रं. पाटलाच्या नावापुढं नांगर, वाण्याच्या पुढं तराजू, न्हाव्याच्या पुढं आरसा. लिहिता कुणालाच येत नव्हतं पण गावातलं प्रत्येक घर तिथं उभं होतं, आपापलं हत्यार घेऊन. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष महत्त्वाची धरायचे कारण शीव त्यालाच पक्की ठाऊक, त्यामुळं ज्यांची नावं हिशोबाच्या वहीत कधी येत नाहीत ती घराणी शिवेच्या महजरात सापडतात. दलित घराण्यांचा शोध घेणाऱ्यांनी हे आणि वतन रजिस्टर दोन्ही बघा, महार वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली पण त्याआधीच्या नोंदींत हाडोळ्याच्या, म्हणजे महार वतनाच्या, जमिनी कुणाकडं होत्या ते असतं.

महजर नसेल तर थळझाडा, म्हणजे गावाच्या जमिनीची थळवार यादी. गावाची जमीन थळांमध्ये, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेली असायची आणि थळाला मूळ वसवणाऱ्या घराण्याचं नाव चिकटायचं. ते घराणं दुष्काळात उठून गेलं, निर्वंश झालं, तरी थळाचं नाव तेच राहायचं, आणि अशा घराण्याला गतकूळ म्हणायचे. जमिनीवर पिढीजात हक्क असलेला तो मिरासदार, बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. गाव ओस पडलं की परत वसवायला इस्ताव्याचा कौल द्यायचे, पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दर वर्षी थोडा थोडा वाढवत नेहमीच्या दराला आणायचा, म्हणजे नव्या लोकांना यावंसं वाटावं. असा कौल हाती लागला तर कोण कधी आलं ते जवळजवळ तारखेनिशी मिळतं. हे सगळं कसं चालायचं ते समजून घ्यायचं तर थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरनं पुण्याजवळच्या लोणी गावाचं १८२० च्या सुमारास लिहिलेलं वर्णन वाचा. १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर पण वाचा, त्यात घराणी कमी पण बाजार, रस्ते, दुष्काळ हे सगळं आहे.

मोडी शिकायची का?

शिका. मंडळात वर्ग होतात, पुराभिलेख खातं परीक्षा पण घेतं. अक्षरं पंधरा दिवसांत येतात, कागद वाचायला वर्ष लागतं, कारण लिहिणारा हात उचलतच नाही, शब्द तोडत नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ बघत नाही. घरातला एखादा कागद असेल तर जाणकाराकडून पैसे देऊन लिप्यंतर करून घ्या, पण त्याच्याकडून मूळ ओळ आणि लिप्यंतर शेजारी शेजारी घ्या, म्हणजे तुमचंही शिकणं होतं.

बडवे, उपाध्ये, हेळवी

नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, काशी, गया, जिथं तुमचे लोक श्राद्धाला किंवा यात्रेला गेले तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. गावाच्या नावावरून तुमचे उपाध्ये ठरलेले असतात, स्टेशनवर कुणी ओढून नेईल त्याच्याबरोबर जाऊ नका, गाव नि आडनाव सांगून विचारत जा. वहीत आजोबा स्वतः सही करून गेलेले असतात, बरोबर कोण होतं ते पण. त्र्यंबकला मला पणजोबांची सही मिळाली, मोडीत, र ची शेपटी उगाच लांब काढलेली. दक्षिणा मनापासून द्या. कोल्हापूर-सांगलीकडं आणि सीमाभागात मूळ असलेल्यांनी हेळवी शोधा, ते घरोघर येऊन वंशावळ वाचून दाखवतात, त्यांच्या चोपड्या मोठा ठेवा आहे.

छापील कुलवृत्तांत, म्हणजे घराण्यांचे इतिहास, असतील तर तेही बघा, पुणे नगर वाचन मंदिरात किंवा पुणे मराठी ग्रंथालयात विचारा. पण ते आपल्याच लोकांनी आपल्याच लोकांसाठी लिहिलेले असतात, त्यात वाईट कुणीच नसतो. तेवढं धरून चाला.

लिहून ठेवताना

प्रत्येक नावापुढं कुठून मिळालं ते लिहा: घंगाळ, फेरफार नंबर, रुमाल नंबर, काकू. ऐकीव ते ऐकीव म्हणून वेगळ्या शाईत. एक्सेल पुरतं, फॅन्सी ॲपची गरज नाही.

आणि फॅमिली ग्रुपवर टाकायची घाई करू नका. मी टाकलं. आमच्या चुलत आजोबांना दत्तक घेतलेलं होतं हे फेरफारात स्वच्छ लिहिलंय, मला वाटलं सगळ्यांना माहीत असेल, तर ते कुणालाच माहीत नव्हतं. रात्री साडेअकराला दोन काका ग्रुप सोडून गेले आणि एकाचा वकील दुसऱ्या दिवशी माझ्याकडं फेरफाराची झेरॉक्स मागायला आला. जिवंत माणसांचं काही टाकायचं तर त्यांना आधी फोन करा.

आमच्या घराण्याचं काय निघालं म्हणाल तर आम्ही गावचे मूळचे असं लहानपणापासून ऐकत आलो होतो, वाड्याच्या दिंडीवर तसं जवळजवळ कोरलेलंच आहे. मग थळझाडा मिळाला. आमचा पूर्वज त्यात आहे, नाव, बाप, सगळं जुळतं, आणि पुढं एक शब्द आहे, उपरी. आज आमची म्हणून जी जमीन आहे, ज्याच्यावर केस चालू आहे, ते थळ दुसऱ्याच आडनावाचं आहे, पुढं लिहिलंय गतकूळ. गंमत म्हणजे त्या मळ्याला गावात अजूनही त्याच आडनावानं ओळखतात, आम्हाला वाटायचं काहीतरी जुनं टोपणनाव असेल. त्या आडनावाचं आज गावात एकही घर नाही. धायरीला एक सापडलंय, त्यांच्या आजीला मळ्याचं नाव सांगितलं तर म्हणाल्या विहिरीजवळ चिंच आहे का अजून. रविवारी जायचंय.